शूर्पारक, सोपारा आणि बुरूड राजाचा कोट

प्राचीन सोपाऱ्यासंबंधी मराठीत सामान्य वाचकापर्यंत पोहोचणारे जे लेखन होते, म्हणजे स्थळदर्शने, दिवाळी अंकांतील लेख, स्पर्धापरीक्षांची टिपणे, सहलीची पुस्तके, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. सुरुवात परशुरामापासून होते. क्षत्रियांचा संहार करून त्याने सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली, स्वतःला राहायला जागा उरली नाही, मग समुद्राने मागे सरून जी भूमी दिली ती शूर्पारक. पुढे एकच वाक्य येते: शूर्पारक या मूळ नावाचा अपभ्रंश होऊन सोपारा झाले. मग ग्रीक आणि अरब यांनी दिलेली नावे एका दमात, आणि शेवटी जागा उरलीच तर सम्राट अशोकाचा शिलालेख व एक बौद्ध स्तूप.

या साच्यातली क्रियापदे पाहावीत. समुद्र मागे सरला, भूमी दिली, नाव पडले. सगळे निश्चयार्थी भूतकाळात. स्तूपाची गोष्ट आली की लेखकाला एकाएकी शास्त्रीय सावधपणा सुचतो: तेथे बौद्ध वस्ती असावी, असे मानले जाते, असे काही अभ्यासक म्हणतात. ज्याला दगडाचा, विटेचा, नाण्याचा पुरावा आहे ते 'असावे' आणि ज्याला पुराणकथेवाचून दुसरा आधार नाही ते 'झाले'. माझी तक्रार या व्याकरणाविषयी आहे.

मी भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा. घरातला पहिला पदवीधर आणि आता महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात भोर-वेल्ह्याची, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची मुले असतात. सोपाऱ्याचा विषय निघाला की त्यांना वाटते, हे ठाण्या-पालघरकडचे बंदर, आपला काय संबंध? तेव्हा मी त्यांना आपल्याच पुणे जिल्ह्यातले दोन दगड सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावरचा लेख सांगतो की हा खांब सोपाऱ्याहून आलेल्या, धम्मोत्तरीय परंपरेतल्या एका भिक्षूचे दान आहे. नाणेघाटात, जेथे जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, त्याच घाटात पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिले, असा लेख आहे. बंदर समुद्राच्या काठावर असते खरे, पण ते चालते घाटमाथ्यावरच्या बैलांवर आणि हमालांवर. ज्याला घाट चढताना तहान लागते त्याने, किंवा त्याच्यासाठी कोणीतरी, ते टाके खोदले. या दोन्ही लेखांत गावाचे नाव येते ते सोपारक, सोपारय अशा रूपांत. प्राकृतात.

आता 'मूळ' आणि 'अपभ्रंश' या दोन शब्दांकडे वळू. नावांचा क्रम जर साक्षीपुराव्याने लावायचा तर तो असा दिसतो. पहिल्या शतकातला पेरिप्लस हा ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचा ग्रंथ भडोचच्या दक्षिणेकडची बाजारगावे सांगताना सूप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे कल्याण, यांची नावे देतो. दुसऱ्या शतकात टॉलेमीही सूपारा लिहितो. लेण्यांतले दगड सोपारक म्हणतात. पाली ग्रंथ सुप्पारक म्हणतात. शूर्पारक हे नाव महाभारतात आणि संस्कृत बौद्ध ग्रंथांत आहे. पुढे शिलाहारांच्या ताम्रपटांत ते सहासष्ट गावांच्या विभागाचे सरकारी नाव म्हणून येते. अरबांनी सुबारा लिहिले. १३२१ मध्ये ठाण्याला मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंना पुरणारा जोर्दानुस या गावाला सुपेरा म्हणतो. म्हणजे बंदरात उतरणाऱ्या परक्याच्या कानावर जे पडत होते ते सुप्पारा-सोपारा याच कुळातले होते. ग्रीक खलाशाला कोणी शूर्पारक असे उच्चारून दाखवले, असे त्याच्या लेखनावरून दिसत नाही. राहणारा आणि येणारा दोघेही जे नाव वापरत होते त्याला भ्रष्ट म्हणायचे आणि पोथीतल्या नावाला मूळ, हा निवाडा भाषाशास्त्राचा नव्हे. तो गावकुसाचा आहे. जे शुद्ध ते आत, जे बोलीतले ते बाहेर.

आमच्या घरांना हा निवाडा परिचयाचा आहे. जुन्या कागदांत एकाच आळीतला एक धोंडो 'धोंडोपंत' होतो आणि दुसरा 'धोंड्या' होतो. नाव तेच, लिहिणाराही तोच. शाळेच्या दाखल्यावर आपले नाव कसे उतरले यावरून तीन पिढ्यांचे काय काय झाले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

तरीही, आपला राग खरा असला म्हणून पुराव्यात काटछाट करण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधीवरचा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने धर्मशाळा बांधल्याचे तो सांगतो आणि शोर्पारगातल्या रामतीर्थावरच्या चरक-परिषदेला दान दिल्याचेही सांगतो. म्हणजे त्या काळी सोपाऱ्यात ब्राह्मणी तीर्थ होते. हाच उषवदात बौद्ध भिक्षुसंघालाही लेणे देतो. आपल्याकडच्या काही पुस्तिकांतून हा रामतीर्थाचा उल्लेख गाळला जातो, मला ते पटत नाही. एका बंदरात भिक्षू, चरक, वाणी, यवन, सगळेच असणार. शिवाय शूर्पारक हे संस्कृत रूप बौद्धांनीही वापरले, तेव्हा ते कोणा एकाच्या मालकीचे नाही. वाद आहे तो एकाच थराला सगळा इतिहास म्हणण्याशी.

आता दगडांकडे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात भटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. साच्यातले लेखक येथे 'अशोकाचा शिलालेख आढळतो' इतके म्हणून थांबतात. त्यात लिहिले काय आहे, हे सांगत नाहीत. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान आणि जनपदातल्या लोकांशी बोलणे होते. नवव्यात तो आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात त्या मंगलविधींना क्षुद्र आणि निरर्थक ठरवतो आणि खरे मंगल कोणते ते सांगतो. दास आणि मजूर यांच्याशी नीट वागणे, हे त्याने त्यात पहिल्याने मांडले आहे. सोपाऱ्यातून गुलाम आणि हमाल रोज चालत गेले असतील. त्यांच्या वाटेवर, त्यांच्या भाषेच्या जवळच्या भाषेत, राज्याच्या वतीने हे कोरले होते. ते पाळले गेले की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु एवढी गोष्ट ज्या गावच्या मातीत निघाली त्या गावची ओळख सूप आणि परशू यांवर करून द्यायची, याला विसर म्हणणे फार सौम्य होईल.

सूप हा शब्द आला, तेव्हा मला या लेखात जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो.

भगवानलालांनी त्याच १८८२ साली जे टेकाड खणले त्यात विटांचा स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत एकात एक बसवलेले रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि अखेर सोन्याचे करंडे. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धेने ठेवलेले ते असावेत, असे भगवानलालांचे मत. भोवती आठ लहान मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, बऱ्याच नंतरच्या, सुमारे आठव्या-नवव्या शतकातल्या. सोबत गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे रुप्याचे नाणे. सोन्याच्या डबीत मातीची खापरे जपणारा समाज कोणता असेल, याचा विचार या वाचकांनी स्वतःच करावा. हे अवशेष पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

पण ते टेकाड खणण्यापूर्वी गावकरी त्याला काय म्हणत होते? 'बुरूड राजाचा कोट.' भगवानलालांनी आणि ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने हे नाव प्रामाणिकपणे नोंदवले, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. नंतरच्या लेखकांनी ते गमतीचे नाव म्हणून कंसात ठेवले, किंवा गाळले.

माझे वाचन असे आहे, आणि ते वाचन म्हणूनच घ्यावे. शूर्प म्हणजे सूप. सोपारा, सुप्पारक या नावात लोकांच्या कानाला सूप ऐकू येत होते, पंडिताच्याही आणि गावकऱ्याच्याही. दोघांनीही त्यावर कथा रचली. पंडिताच्या कथेत भूमी मिळवणारा परशुराम. कुठे तो बाण सोडतो, कुठे परशू फेकतो, कुठे सूप. गावकऱ्याच्या कथेत सूप फेकणारा नाही, सूप विणणारा आहे, आणि तो राजा आहे. कान एकच. परंतु एकाला त्या आवाजातून दान घेणारा-देणारा ब्राह्मण आठवला, दुसऱ्याला बांबू चिरणारा बुरूड. इतिहास म्हणून दोन्ही कथा सारख्याच कच्च्या आहेत. मग एक पाठ्यपुस्तकी थाटात 'मूळ' ठरते आणि दुसरी कंसातली गंमत, हे कोणत्या न्यायाने?

बुरूड आणि राजा हे शब्द शेजारी येणे आजच्या डोळ्यांना विनोदी वाटते, कारण बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि त्याची सुपे-टोपल्या बाजाराच्या कडेला विकली जातात. पण जुन्नरच्या लेण्यांत एक लेख आहे. त्यात भिक्षुसंघासाठी दिलेली ठेव दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे: एक वंसकारांची, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची, आणि दुसरी कासाकारांची, म्हणजे कासारांची. दर महिन्याला त्यांनी व्याजापोटी ठराविक रक्कम द्यायची. म्हणजे सातवाहनकाळाच्या आसपास आपल्याच जिल्ह्यात बांबूकाम करणाऱ्यांची संघटना होती, तिची पत होती, आणि दाता आपला पैसा तिच्या हाती निर्धास्तपणे सोपवत होता. आजच्या भाषेत ती बँक होती. यावरून सोपाऱ्यात बुरूड राजा होऊन गेला असे सिद्ध होत नाही. बुरूडाला राजा म्हणणारी आठवण मात्र एवढ्यावरून तरी हसण्यावारी नेण्याजोगी राहत नाही. एखाद्या समाजाची पत गेली कधी आणि कशी, हा प्रश्न सोपाऱ्यावर लिहिणाऱ्या एकाही लोकप्रिय लेखात मला भेटलेला नाही.

दुसरी गाळलेली कथा पूर्णाची. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात ती आहे. सोपाऱ्यातला भव नावाचा श्रीमंत गृहपती आजारी पडतो, बायकामुले दुर्लक्ष करतात, घरातली दासी सेवा करून त्याला बरे करते. तिला भवापासून झालेला मुलगा म्हणजे पूर्ण. बाप मेल्यावर भावांत वाटणी होते. एकाकडे घर आणि शेत, दुसऱ्याकडे दुकान आणि परदेशी गेलेला माल. थोरल्याला सांगतात, तुझ्या वाट्याला हा पूर्ण. दासीचा मुलगा भाऊ नव्हे, मालमत्तेतला एक नग. थोरला भाऊ त्याला घेतो. पूर्णाला एका मोळीवाल्याच्या डोक्यावर सरपणात दडलेले गोशीर्ष चंदन ओळखू येते, तो ते विकत घेतो. त्यातून उभा राहतो, समुद्रावर सफरी करतो, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचा म्होरक्या होतो. एका सफरीत बरोबरचे व्यापारी पहाटे बुद्धवचने म्हणतात ती ऐकून तो बुद्धाकडे जातो, भिक्षू होतो आणि कठोर म्हणून ज्यांची ख्याती त्या अपरान्ताच्या लोकांत राहायला जातो. शिव्या दिल्या तर? मारले तर? जीव घेतला तर? या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे पालीतल्या पुण्णोवाद सुत्तातही आहेत.

ही कथाच आहे, बखर नव्हे. त्यात चमत्कारही भरपूर आहेत. बुद्ध स्वतः सोपाऱ्याला आल्याचे त्यात सांगितले आहे म्हणून ते घडले, असे मी वर्गात सांगत नाही आणि कोणी सांगू नये. परंतु कथा काय लक्षात ठेवते, यावरून ती सांगणाऱ्यांची कल्पना येते. वाटणीचा तो प्रसंग ज्याने रचला त्याला दासीपुत्राची जागा आतून माहीत होती. समुद्राकडून जमीन मिळवणाऱ्या ऋषीची कथा प्रत्येक पुस्तकात छापणाऱ्या मराठी लेखकांना त्याच गावचा हा दासीपुत्र का दिसत नाही? दलित साहित्याचा पूर्वज शोधण्यासाठी आपण कुठेकुठे जातो. त्या यादीत पूर्णाचे नाव मी अजून पाहिलेले नाही, ही तक्रार आपल्या लोकांविषयीही आहे.

आणि आपल्या लोकांविषयी आणखी एक. आवाजावरून इतिहास रचण्याची खोड पंडितांपुरती नाही. बायबलात सांगितले आहे की भूमध्य समुद्रावरच्या टायर बंदराचा राजा हिराम याच्या खलाशांनी ओफीरहून सोलोमन राजासाठी सोने आणले. ओफीरला जुन्या ग्रीक भाषांतरात सोफीर म्हटले आहे, एवढ्यावरून एकोणिसाव्या शतकात काहींनी ओफीर म्हणजेच सोपारा असे ठरवले आणि आजही गावाचा गौरव म्हणून ते छापले जाते. त्याला आवाजाच्या साम्यापलीकडे काहीही आधार नाही. तीच गोष्ट पेरिप्लसमधल्या मंदगोरा या बंदराची. आपल्या व्यासपीठांवरून मी ऐकले आहे की मंदगोरा म्हणजे मंडणगड, म्हणजे बाबासाहेबांचा मुलूख. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे हे खरे. त्याचे नाव पुस्तकांतून आंबवडे, आंबावडे असे कसेही छापले जाते, आणि त्यामुळे भोरच्या आंबवड्याचा मी, मला दर जयंतीला 'बाबासाहेबांचे ते गाव तुमचेच का?' असे विचारले जाते. नाही, ते आमचे नव्हे. होय म्हणायला कोणाला आवडणार नाही? पण मंदगोऱ्याच्या बाबतीतही मोह आवरला पाहिजे. राजपुरीच्या खाडीकाठी मांदाड आहे, त्याच्याजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत आणि त्या लेण्यांत मांदव घराण्याच्या महाभोजांची नावे कोरलेली आहेत. नुसत्या आवाजापेक्षा आवाज अधिक शिलालेख हा पुरावा जड असतो.

शत्रूने लिहिलेल्या इतिहासाला उलट दंतकथेने उत्तर दिले की काय होते, याचे उदाहरण त्याच भूमध्य समुद्रावर आहे. कार्थेज हे नाव आपण रोमनांकडून घेतले. तेथले लोक आपल्या नगराला कार्त-हदश्त म्हणत, म्हणजे नवे नगर. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमने ते जाळले. त्यांची ग्रंथालये आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली. मागो नावाच्या लेखकाचे शेतीवरचे अठ्ठावीस खंड तेवढे उपयोगाचे म्हणून रोमन सिनेटने भाषांतरासाठी ठेवले. पराभूताचे साहित्य गेले आणि जेत्याने काढलेले त्याचे चित्र उरले, ही आपल्याला ओळखीची कहाणी. पण रोमनांनी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरले, हे जे कळवळ्याने सांगितले जाते ते एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही. आधुनिक काळात ते कोणीतरी घुसडले. खरा अन्याय इतका मोठा असताना त्यावर खोट्या मिठाची चिमूट टाकली, आणि विरोधकाला बोट ठेवायला जागा मिळाली.

भोरहून जवळ शिरवळची बौद्ध लेणी आहेत. त्यांना पांडवदरा म्हणतात. नाशिकचीही पांडवलेणी. मुलांना तेथे नेले की कोणीतरी एका रात्रीत कोरल्याची गोष्ट सांगते. मी ती गोष्ट खोडून काढायला घाई करत नाही. ऐकून घेऊ देतो, मग विचारतो, हे नाव कधीचे, कोणाच्या तोंडचे, आणि लेण्यावर काय दिसते? दगोबा दिसतो. मुले स्वतःच बोलू लागतात.

नावे बदलण्याचा सध्या हंगाम आहे. वेल्हे तालुक्याचे राजगड करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचे राज्य सरकारने ठरवले. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. ज्या नावाने माणसाला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागते ते नाव पत्त्यावर राहू नये. पण सोपाऱ्याच्या स्तूपाविषयी पुढेमागे कोणी असाच विचार केला, 'बुरूड' हा शब्द जातिवाचक म्हणून किंवा बौद्ध स्मारकाला न शोभणारा म्हणून पुसायला निघाला, आणि असे म्हणणारे आपल्यातही भेटतात, तर माझा विरोध राहील. तेथे स्तूप म्हणावे, अशोकाचे नाव घ्यावे, सोपारक आणि शूर्पारक दोन्ही लिहावे, उषवदाताचे रामतीर्थही लिहावे, प्रत्येकाच्या पुढे शतक घालावे. आणि त्या यादीत, १८८२ साली गावकऱ्यांच्या तोंडी होते तसेच, बुरूड राजाचा कोट हे नाव कंसाबाहेर असावे.